दुधातून चमचा का दिसत नाही? सहा वर्षांच्या मुलांना प्रकाश कसा दाखवायचा

प्रश्न असा आलाय की मुलगी पहिलीत आहे, शाळेत वस्तूंचे तीन गट शिकवलेत, पारदर्शक, अर्धपारदर्शक आणि अपारदर्शक, ते तिचे पाठही झालेत, पण आता ती घरी विचारतेय की पाणी पण पातळ आणि दूध पण पातळ, मग पाण्यात बुडवलेला चमचा दिसतो आणि दुधातला का नाही दिसत? आईला हे सोप्या भाषेत सांगायचंय आणि घरातल्या घरात अजून काय दाखवता येईल तेही हवंय.

ताई, तुमच्या मुलीने फार मोलाचा प्रश्न विचारलाय, तिला आधी शाबासकी द्या. मी बालवाडी ते दुसरीच्या मुलांसोबत बरीच वर्षं विज्ञानाचे खेळ घेते आणि माझं स्पष्ट मत आहे की त्या तीन गटांचा तक्ता सुरुवातीला शिकवूच नये. तक्त्यामुळे मुलाला वाटतं की वस्तू जन्मतःच पारदर्शक किंवा अपारदर्शक असते. तसं नसतं. एकच वस्तू ओली केली, कुटली, वितळवली, जाड केली की ती या गटातून त्या गटात जाते, आणि ती जाताना मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी बघितली की मग आपल्याला समजावून सांगायला फारसं उरत नाही. म्हणून मी एकच प्रश्न धरून चालते: उजेड कुठे गेला? तो पलीकडे गेला, परत फिरला, की आतच राहिला? बहुतेक वस्तूंमध्ये तिन्ही थोडंथोडं होतं, आणि काय जास्त होतं त्यावर ती वस्तू कशी दिसणार ते ठरतं.

पण त्याच्याही आधी एक गोष्ट करून घ्या. या वयाच्या मुलांना वाटतं की बघणं म्हणजे डोळ्यांनी बाहेर जाऊन वस्तू पकडणं, आणि उजेड म्हणजे तो बल्ब. यात त्यांचं काही चुकत नाही, युक्लिडसारख्या ग्रीक विद्वानांनाही डोळ्यातून किरण निघतात असंच वाटायचं, आणि वस्तूवरून उजेड डोळ्यात येतो हे साधारण हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने नीट मांडून दाखवलं. आपण चपलांचं खोकं घ्यायचं, एका बाजूला डोळा लावायला भोक, झाकणाला एक छोटी खिडकी कापायची जी उघडता मिटता येईल, आत एखादं खेळणं ठेवायचं आणि बाकी सगळ्या फटी काळ्या टेपने बंद करायच्या, अगदी कोपरेसुद्धा. आधी विचारायचं, खिडकी बंद असताना आत काय दिसेल? बरीच मुलं ठामपणे सांगतात की थोडा वेळ थांबलं की दिसेल, कारण घरात दिवे घालवले तरी पूर्ण काळोख कधी होतच नाही, कुठूनतरी रस्त्यावरचा दिवा येतोच. मग डोळा लावून बसू द्या त्यांना, कितीही वेळ. काही दिसत नाही. खिडकी उघडली की लगेच खेळणं दिसतं. एवढं झालं की "उजेड तिथून निघून तुझ्या डोळ्यात आला" हे वाक्य त्यांना अर्थासकट कळतं.

आता दुधाकडे येऊ. तोंडाने काही सांगू नका, दूध फाडून दाखवा. अर्धा कप दूध गरम करून (हे तुम्ही करा, तिला लांब बसवा) त्यात लिंबू पिळायचं, चोथा आणि पाणी वेगळं झालं की सुती कापडातून काचेच्या ग्लासात गाळायचं. खाली जे पाणी येतं ते पिवळट हिरवं असतं, थोडं गढूळ असतं, पण त्यात चमचा घातला तर चमचा दिसतो! दुधाच्या आतच हे पाणी होतं. गाईच्या दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणीच असतं. मग उजेडाला कोणी अडवलं? तर कापडात जे राहिलं त्याने. तो चोथा हातात देऊन विचारा, यातून पलीकडचं दिसतं का. दुधात हेच प्रथिनांचे आणि स्निग्धाचे कण इतके बारीक होऊन पाण्यात तरंगत असतात की आपल्याला एकेक दिसत नाही, पण आत शिरणाऱ्या उजेडाला पावलोपावली वळायला लावतात, त्यामुळे चमच्यावरून निघालेला उजेड सरळ आपल्या डोळ्यापर्यंत येऊच शकत नाही. सहा वर्षांच्या मुलीला एवढं पुरतं: पाण्यातून उजेड सरळ जातो, दुधात त्याला वाटेत खूप कण भेटतात. पनीर नंतर साखर घालून खाऊन टाका.

याच्या उलटा प्रयोग त्याच संध्याकाळी होतो. खोली काळोखी करा, काचेचा उभा ग्लास पाण्याने भरा आणि एका बाजूने मोबाईलचा टॉर्च लावा. पाण्यातून उजेडाची वाट जवळजवळ दिसतच नाही, फक्त पलीकडच्या भिंतीवर तो पडलेला दिसतो. आता ड्रॉपरने दुधाचा एक थेंब टाका आणि ढवळा. पाण्यात उजेडाचा पट्टा उमटतो. मुलं इथे हमखास ओरडतात. अजून दोन तीन थेंब टाका आणि बाजूने बघा, पाणी किंचित निळसर दिसेल, आणि टॉर्चच्या समोरच्या बाजूने बघितलं तर उजेड पिवळट, मग थेंब वाढवत गेलं की नारिंगीकडे झुकलेला. लांबट डबा असेल, म्हणजे उजेडाला जास्त दुधातून जावं लागेल असा, तर हे अजून छान दिसतं. कारण असं की बारीक कण निळा उजेड जास्त उडवतात आणि लाल त्यामानाने सरळ निघून जातो. आकाश निळं आणि मावळतीचा सूर्य तांबडा यामागे हेच आहे, फक्त तिथे दुधाच्या कणांच्या जागी हवेचे रेणू असतात. सी. व्ही. रामन १९२१ मध्ये बोटीने प्रवास करताना भूमध्य समुद्राचा निळा रंग बघून हाच विचार करत होते, समुद्र निळा दिसतो तो निव्वळ आकाशाच्या प्रतिबिंबामुळे हे त्यांना पटत नव्हतं, आणि त्या धाग्यावर काम करत करत २८ फेब्रुवारी १९२८ ला रामन परिणामाचा शोध लागला. आपण विज्ञान दिन २८ फेब्रुवारीला करतो तो त्यासाठी. शाळेत त्या दिवशी नुसती भाषणं होतात तिथे हा दुधाचा ग्लास ठेवा असं मी प्रत्येक शिक्षकाला सांगते.

आता माझा सगळ्यात आवडता प्रयोग. वडापावच्या कागदावर तेलाचा डाग पडलेला तुमच्या मुलीने शंभरदा बघितला असेल, पण त्याच्याकडे नीट बघायला कोणी लावलेलं नसतं. पांढरा साधा कागद घ्या, मधोमध गोडेतेलाचा एक थेंब, बोटाने हलकेच पसरवा आणि पाच मिनिटं तसाच ठेवा. आता कागद खिडकीसमोर धरा, म्हणजे उजेड मागून येईल. डाग कागदापेक्षा उजळ दिसतो. मग तोच कागद काळ्या किंवा गडद टेबलावर ठेवा, म्हणजे उजेड वरून पडेल. डाग कागदापेक्षा काळपट दिसतो! आता विचारा, डाग उजळ की काळा? मुलं कागद परत खिडकीकडे नेतात, परत टेबलावर आणतात, चारपाच वेळा करतात, त्यांना करू द्या, मध्ये बोलू नका. मग परत आपला तोच प्रश्न: उजेड कुठे गेला? डागातून तो पलीकडे जातो, म्हणून मागून बघणाऱ्याला डाग उजळ, आणि पलीकडे गेला म्हणजे परत कमी आला, म्हणून समोरून बघणाऱ्याला काळपट. हे ज्या मुलाने स्वतः जोडलं त्याला परावर्तन (उजेड परत फिरणं) आणि पारगमन (आरपार जाणं) हे दोन्ही समजलं, शब्द माहीत नसले तरी.

रॉबर्ट बुन्सेनने (प्रयोगशाळेतल्या बर्नरला ज्याचं नाव आहे तोच) एकोणिसाव्या शतकात दोन दिव्यांचा उजेड ताडून बघायला असाच तेलकट डाग वापरला होता. कागदाच्या दोन्ही बाजूंना एकेक दिवा, आणि कागद पुढेमागे सरकवत न्यायचा, ज्या जागी डाग दिसेनासा होतो तिथे दोन्ही बाजूंनी सारखा उजेड पडतोय. दोन टॉर्च घेऊन घरी करता येतं, एक जोरदार आणि एक मंद असला की डाग कुठे नाहीसा होतो ते बघायला मजा येते.

आता हे का होतं ते ताई तुमच्यासाठी, मुलीला लगेच सांगायची गरज नाही. कागद म्हणजे बारीक तंतूंचं जाळं आणि मधे हवा. एकेक तंतू तसा पारदर्शकच असतो. पण हवेतून तंतूत आणि तंतूतून परत हवेत जाताना प्रत्येक वेळी उजेड थोडा वळतो, थोडा परततो, आणि असं एका कागदात कितीतरी वेळा होतं. गर्दीच्या लोकलमध्ये शिरावं आणि आतल्या धक्क्यांनी ज्या दारातून शिरलो त्याच दाराने परत प्लॅटफॉर्मवर यावं तसं बऱ्याचशा उजेडाचं होतं, तो आला त्याच बाजूने बाहेर पडतो, आणि सगळे रंग सारखेच परत आले म्हणून कागद पांढरा. तेल टाकलं की हवेच्या जागा तेलाने भरतात. उजेड किती वळणार हे दोन पदार्थांच्या अपवर्तनांकात (पदार्थात उजेडाचा वेग किती कमी होतो ते सांगणारा आकडा) किती फरक आहे त्यावर ठरतं, हवा १, पाणी १.३३, गोडेतेल साधारण १.४७ आणि कागदाचा तंतू साधारण १.५. तेल आणि तंतू इतके जवळ की उजेडाला हद्द ओलांडल्याचं फारसं जाणवतच नाही, तो सरळ निघून जातो. पाण्याचा थेंब टाकून बघा, त्यानेही कागद थोडा आरपार होतो पण तेलाइतका नाही, आणि वाळला की परत पांढरा, तेलाचा डाग तसाच राहतो.

हे एकदा लक्षात आलं की घरात जिकडे तिकडे तेच दिसायला लागतं. पावसात भिजलेला युनिफॉर्मचा पांढरा शर्ट आरपार दिसतो, ओली शहाबादी फरशी कोरडीपेक्षा काळी दिसते, बाथरूमच्या खडबडीत काचेच्या खरखरीत बाजूला सेलोटेप चिकटवला की तेवढ्या पट्टीतून पलीकडचं दिसायला लागतं, कारण टेपच्या गोंदाने खळगे भरून काढले. (करून बघाच, पण टेप दुधी काचेच्या गुळगुळीत बाजूला लावला तर काहीच होणार नाही.)

स्वयंपाकघर तर याचं भांडार आहे. कांदा पारदर्शक होईपर्यंत परतायचा असं आपण रोज म्हणतो, तो तसा होतो कारण कच्च्या कांद्यात पेशींच्या मधे हवा असते, उष्णतेने पेशी मऊ पडून त्यांचं पाणी त्या जागांमध्ये शिरतं. साबुदाणा भिजला तरी पांढराच असतो आणि खिचडी झाली की दाणे काचेसारखे, आजी चव न घेता नुसतं बघून सांगते की शिजला, ती उजेडच बघत असते. अंड्याचं मात्र उलटं, बलकाभोवतीचा आरपार दिसणारा भाग तव्यावर पांढरा पडतो, कारण त्यातली प्रथिनं उष्णतेने एकमेकांत गुंतून गोळा होतात. आणि थंडी पडली की खोबरेल तेलाची बाटली! खोबरेल साधारण २४-२५ अंशांच्या खाली गोठायला लागतं, पुणे नाशिककडे डिसेंबरात सकाळी बाटली पांढरी घट्ट आणि उन्हात ठेवली की तासाभरात स्वच्छ. बाटली तीच, तेल तेच. अर्धं वितळलं असताना मुलीला बोलवा आणि बाटलीमागे बोट धरून कुठल्या भागातून बोट दिसतं ते विचारा.

त्यातल्या त्यात साखरेचा खेळ मी कधीच सोडत नाही. खडीसाखरेचा मोठा स्वच्छ खडा घ्या, त्यातून खालचं अक्षर थोडंफार दिसतं. मग तिलाच खलबत्त्यात कुटायला द्या. जसजसं कुटेल तसतसं पांढरं होत जातं आणि पिठीसाखर झाली की अक्षर पूर्ण गायब, कारण एका खड्याचे हजारो कण झाले आणि प्रत्येक कणाभोवती हवा आली. शेवटी ती पिठीसाखर ग्लासभर पाण्यात ढवळली की परत सगळं आरपार. साखर एकच होती. आता तिला विचारा की साखर पारदर्शक की अपारदर्शक, आणि ती जे काही उत्तर देईल ते पूर्ण ऐकून घ्या.

जाडीचंही असंच. टॉर्चवर टिश्यू पेपर एकावर एक ठेवत जायचं आणि कितव्या कागदाला उजेड दिसेनासा होतो ते मोजायचं, गणितही होतं. काचेच्या टेबलाच्या कडेकडून बघितलं तर काच हिरवी दिसते, कारण त्या दिशेने उजेडाला खूप काच पार करावी लागते आणि काचेतला लोहाचा अंश थोडा लाल उजेड खाऊन टाकतो. आणि काळोखात टॉर्च बोटांखाली लावला की बोटं लाल दिसतात. आपलं रक्त हिरवा निळा उजेड शोषतं आणि लाल बराचसा पलीकडे येतो. हाडं दिसत नाहीत म्हणून मुलं हिरमुसतात, पण उजेड मांसात इतका विखुरतो की हाडाची सावली पडतच नाही. करोनात घरोघरी जो ऑक्सिमीटर आला तो याच तत्त्वावर चालतो, बोटातून लाल आणि अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा) उजेड पाठवून किती पलीकडे आला ते मोजतो.

परत फिरणाऱ्या उजेडासाठी आरसा आणि पांढरा कागद पुरेत. काळोख्या खोलीत दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, एका बाजूने तिरका टॉर्च मारा आणि मुलीला टॉर्चच्याच बाजूला उभं करून विचारा, जास्त उजळ काय दिसतंय? आरसा म्हणतील सगळे, बघायच्या आधी. बघितल्यावर कागद लख्ख आणि आरसा काळा! आरशाने सगळा उजेड एकाच दिशेला धाडला, तो समोरच्या भिंतीवर सापडतो, कागदाने मात्र सगळीकडे वाटून टाकला म्हणून तो कुठूनही दिसतो आणि खोलीही थोडी उजळते. पावसाळ्यात रात्री गाडी चालवताना ओला रस्ता काळाकुट्ट वाटतो आणि पट्टे दिसत नाहीत ते ह्यामुळेच, पाण्याच्या थराने हेडलाईटचा उजेड पुढेच पाठवला, आपल्याकडे परत आलाच नाही. ॲल्युमिनियम फॉईलचा गुळगुळीत तुकडा आणि चुरगाळून परत सपाट केलेला तुकडा शेजारी धरले तरी फरक लगेच कळतो.

आणि खिडकीची काच. संध्याकाळी काळोख पडल्यावर ट्यूब चालू असताना काचेत आपलंच तोंड दिसतं, ट्यूब बंद केली की बाहेरचं झाड दिसतं. मुलीच्या हातात बटण द्या. साधी काच समोरून पडलेल्या उजेडापैकी साधारण ८ टक्के परत पाठवते, दिवसा पण पाठवते आणि रात्री पण, फक्त दिवसा बाहेरून येणारा उजेड इतका जास्त असतो की ते ८ टक्के लक्षात येत नाहीत. म्हणजे आरसा आणि खिडकी ही दोन वेगळी खाती नाहीतच.

आत राहणाऱ्या उजेडासाठी ऊन लागतं. काळा आणि पांढरा कार्डशीट, दोन्हीवर सारख्या आकाराचे बर्फाचे खडे, दुपारच्या उन्हात, कुठला आधी वितळतो. काळ्यावरचा. उजेड हरवला नाही, ऊब होऊन बसला. एवढंच, यावर फार वेळ घालवू नका, मेमध्ये स्कूटरच्या काळ्या सीटने हा धडा सगळ्यांना दिलेलाच असतो.

रंगांसाठी स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा जिलेटीन पेपर आणा, लाल आणि हिरवा. पांढऱ्या कागदावर लाल खडूने तिचं नाव लिहा आणि वर लाल जिलेटीन ठेवा, नाव गायब. जिलेटीन फक्त लाल उजेड सोडतं, पांढरा कागद पण लाल आणि अक्षर पण लाल, मग वेगळं दिसणार कसं? तेच हिरव्या जिलेटीनमधून बघितलं तर नाव काळं कुळकुळीत. नंतर टोमॅटो आणि कोथिंबीर बघा लाल जिलेटीनमधून. मुलांना वाटतं जिलेटीन उजेडाला लाल रंग लावतं, खरं म्हणजे ते लाल सोडून बाकीचे रंग काढून घेतं, आणि लालवर हिरवा पेपर ठेवला की जवळजवळ काहीच पलीकडे जात नाही हे बघितल्यावर त्यांना ते पटतं, कारण रंग लावत असता तर दोन रंग मिळून काहीतरी तिसराच झगमगीत रंग यायला हवा होता.

आकाशकंदील करताना हे सगळं एका जागी येतं. कंदिलाला पतंगी कागदच का लावायचा, स्वच्छ प्लास्टिक का नाही, असं दिवाळीत विचारून बघा. स्वच्छ प्लास्टिकमधून नुसता बल्ब डोळ्यात खुपेल, जाड पुठ्ठ्यातून काहीच येणार नाही, पतंगी कागदात उजेड विखुरतो म्हणून पूर्ण कंदील उजळतो. दिवसा तोच कंदील फिका वाटतो.

सावलीबद्दल थोडक्यात. लहान मुलांना सावली ही वस्तूतून निघालेली एक गोष्टच वाटते, मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात मुलांशी बोलून हे नोंदवलंय आणि आजही मुलं तशीच उत्तरं देतात. त्यावर उपाय म्हणजे फक्त हातांचे पक्षी न करता निरनिराळ्या वस्तूंची सावली पाडणं: काचेचा ग्लास, पाणी भरलेला ग्लास, बटर पेपर, जिलेटीन. काचेच्या ग्लासाला पण सावली पडते हे बघून मुलं चकित होतात, आणि जिलेटीनची सावली चक्क रंगीत असते. आंध्रच्या तोलू बोम्मलाट या सावल्यांच्या बाहुलीखेळात चामडं इतकं घासून पातळ आणि अर्धपारदर्शक करतात की पडद्यावर रंगीत सावल्या नाचतात. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ टिकवून ठेवलाय, परशुराम गंगावणे यांना त्या कामासाठी २०२१ ची पद्मश्री मिळाली, कोकणात जाणार असाल तर मुलांना तिथे नक्की न्या. आणि महाराष्ट्र पूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, मुंबई पुण्याला मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस, जुलैला ढग असतात म्हणून मे धरायचा, भर दुपारी उभ्या बाटलीची सावली नाहीशी झालेली बघायला सोसायटीतली सगळी मुलं गोळा करा.

शाळेतल्या तक्त्याचं काय करायचं असं तुम्ही विचारलेलं नाही पण मनात असणारच. परीक्षेत काच पारदर्शक, बटर पेपर अर्धपारदर्शक, लाकूड अपारदर्शक असंच लिहू द्या, त्यात वावगं काही नाही. फक्त घरी तिने "साखर दोन्ही आहे" म्हटलं तर तिला खोडून काढू नका, आणि शिक्षकांशी बोलायची वेळ आली तर वहीत तेलाच्या डागाचा कागद चिकटवून पाठवा.

काळजीच्या गोष्टी अगदी स्पष्ट सांगते. लेझर पॉइंटर लहान मुलांच्या हातात अजिबात नको, खेळण्यातला म्हणून विकतात तोसुद्धा नको. भिंग उन्हात एकट्याने वापरू द्यायचं नाही. टॉर्च कोणाच्या डोळ्यात मारायचा नाही हा नियम खेळाच्या आधी ठरवायचा. आणि पाणी असतं त्यापेक्षा उथळ दिसतं, वरून बघितलं तर खोलीच्या साधारण पाऊणपट, हे बादलीत पट्टी उभी धरून दाखवा आणि त्याच वेळी विहीर, नदी, तलावाबद्दल बोलून घ्या, ही गोष्ट गावाकडच्या मुलांना मी दरवेळी सांगते.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, गॉगल लावून नाही, एक्सरेच्या फिल्ममधून नाही, पाण्यातल्या प्रतिबिंबात पण नाही. सूर्य बघायचाच असेल तर पोस्टकार्डाला तीनेक मिलीमीटरचं त्रिकोणी भोक पाडा आणि त्यातून आलेलं ऊन दोन मीटर लांब सावलीतल्या भिंतीवर पाडा. भोक त्रिकोणी पण ठिपका गोल येतो, कारण तो भोकाचा आकार नाही, सूर्याचं चित्र आहे, दर मीटरला साधारण ९ मिलीमीटर मोठं. कौलारू घरात फटीतून जमिनीवर पडणारे गोल कवडसे आणि झाडाखालचे गोल ठिपके पण तेच. २ ऑगस्ट २०२७ ला महाराष्ट्रातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे, दुपारनंतर, पावसाचे दिवस असले तरी ढगांतून थोडा वेळ ऊन मिळालं तर हे कार्ड तयार ठेवा, भिंतीवरचा ठिपका चंद्रकोरीसारखा झालेला दिसेल, तोपर्यंत तुमची मुलगी ते दुसऱ्या मुलांना समजावून सांगण्याएवढी मोठी झालेली असेल.